बावीसपर्यंत

मंगळवारी दुपारी शांतवन बैसाणेने डोळे उघडले, तेव्हा त्याच्या डब्याच्या झाकणावर एक कागद होता. मिटले तेव्हा नव्हता. मधल्या वेळात कुणीतरी येऊन तो ठेवला होता, आणि उडू नये म्हणून त्यावर शांतवनच्याच कांद्याची एक फोड ठेवली होती. फोड त्याने खाल्ली. कागदावर तिचा ओला गोल राहिला, आणि त्या गोलाच्या आत नेमका ‘खुलासा’ हा शब्द आला. नकाशे उतरवणाऱ्या माणसाला अशा गोष्टी आधी दिसतात; मजकूर नंतर दिसतो. मजकूर असा होता की, या कार्यालयातील ट्रेसर श्री. शां. सु. बैसाणे हे कामाच्या वेळेत रोज डोळे मिटून बसतात असे निदर्शनास आले आहे. या अवधीत ते नेमके काय करतात, व ते धार्मिक स्वरूपाचे आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा त्यांनी शुक्रवारी दुपारी चारच्या आत करावा. खाली बिडवई साहेबांची सही. दुपारची सुट्टी अर्धा तास, आणि हा अर्धा तास कामाच्या वेळेत धरलेला आहे हे शांतवनला अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळलं. त्याला जरा बरंही वाटलं. म्हणजे इतकी वर्षं भाकरी खाण्याचाही पगार मिळत होता.

“लिहून टाक डोळे दुखतात म्हणून,” भाईदास म्हणाला. भाईदास ऑफिसचा मोठा बाबू. आवक-जावक, रजा आणि अफवा ही तीन खाती त्याच्याकडे होती. “अरे यार, इतकं तोंड काय पाडायचं त्यात?” शांतवन म्हणाला, ट्रेसरचे डोळे दुखतात असं लिहिलं तर मला डॉक्टरच्या बोर्डापुढे पाठवतील. भाईदासने विचार केला. “मग झोप लागते म्हण.” कामाच्या वेळेत? शांतवनने विचारलं. भाईदासने परत विचार केला, आणि शांतवनच्या डब्यातली वांग्याची फोड उचलली. “मग प्रार्थना करतो म्हणून लिही. खरं तेच ना?” दाराशी उंबऱ्यावर बसून गिरधर जेवत होता. तो दापोऱ्याहून रोज सायकलने येणारा मोजणीचा साखळीवाला. त्याचं जेवण नेहमी सगळ्यांच्या थोडं मागून संपायचं. तोही हात थांबवून बघायला लागला. शांतवनने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. खरं तेच ना, या प्रश्नाला त्याने हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही हे त्याला कळलं नाही, आणि मग दुपारभर शाईच्या रेघेखाली तेवढंच चालू राहिलं.

साहेबांना वाईट म्हणणं अवघड होतं. सात महिन्यांपूर्वी ते नागपूरहून आले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरची सरस्वतीची तसबीर उतरवली. राज्य आता निधर्मी आहे, म्हणाले. सरकारी भिंतीला देव नसतो. तसबीर गेली, खिळा राहिला. दुसऱ्या दिवसापासून लोक येता-जाता खिळ्याला नमस्कार करायला लागले. साहेबांनी ते पाहिलं, दोन दिवस अस्वस्थ राहिले, पण खिळ्याविरुद्ध परिपत्रक काढता येईना. खिळा बांधकाम खात्याचा होता. दसऱ्याला त्या खिळ्याला कुणीतरी झेंडूची माळ अडकवली, आणि विचारल्यावर सगळे म्हणाले, सुकायला ठेवली आहे. म्हणजे खिळ्याला धर्म नव्हता, माळेला नव्हता. मिटलेल्या डोळ्यांना होता. शांतवनला यात अन्याय दिसत होता, पण खिळ्याची तक्रार करणारा माणूस आपण व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. शिवाय ते वर्षच तसलं होतं. सरकारने मिशनांच्या कामाची चौकशी लावली होती, आणि चौकशी मिशनांची असली तरी चहाच्या टपरीवर ती शांतवनची झाली होती. काय बैसाणे, अमेरिकेतून दूध पावडर किती येते? काय बैसाणे, यंदा किती गावं बाटवली? तो हसायचा. ट्रेसिंगच्या कापडावर शाई फुटू नये म्हणून शंखजिरं घासायचं, यापलीकडे त्याने कधी कुणाला काही केलेलं नव्हतं. भाईदास मात्र त्याची बाजू घ्यायचा. “देश विकायचाच असला तर आधी बुऱ्हाणपूर वीक बाबा,” म्हणायचा, “केळीवाल्यांचा तरी फायदा होईल.” ही बाजू घेणं आहे की नाही, हे शांतवनला नीट ठरवता आलं नव्हतं.

पण मुदत शुक्रवारची होती, आणि त्या शुक्रवारचं खरं कारण वेगळं होतं. अकरा वर्षं तो तात्पुरता होता. कायम होणाऱ्यांची यादी शुक्रवारी संध्याकाळच्या टपालाने नागपूरला जाणार होती, आणि राज्यं नव्याने आखणार अशी बातमी असल्यामुळे पुढची यादी कधी, कुठल्या गावाहून, कुठल्या भाषेत निघेल हे देवालाही माहीत नव्हतं. इथे शांतवन थांबला. देवालाही, असं आपण म्हटलं. सवयीने म्हटलं. डोळेही सवयीनेच मिटतो. मग सवयीच्या आत काय असतं? रोज एका चपलेत पाय घालणाऱ्या माणसाला कुणी विचारलं की आत खिळा आहे का, आणि त्याला सांगता येऊ नये, तसं त्याला झालं. त्याने लक्षात आणायचा प्रयत्न केला. आज दुपारी डबा उघडला; भाईदासने लोणचं काढलं; डोळे मिटले. मिटल्यावर काय? अंधार, थोडा तांबूस, खिडकीच्या बाजूने जास्त तांबूस. आणि त्या अंधारात एक, दोन, तीन, चार. बावीसला डोळे उघडले. बस. तो मोजत होता. आज नाही, रोज. काल नाही, कितीतरी वर्षं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत आहे हे माहीत नव्हतं. सरकारने विचारलं नसतं तर मरेपर्यंत तो प्रार्थना करणारा माणूस म्हणून जगला असता.

घरी कुसुमने कागद दिव्यापाशी धरून दोनदा वाचला. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवायची, त्यामुळे कुठलाही कागद ती शुद्धलेखन तपासल्यासारखा वाचायची. “मग यात घाबरायचं काय?” ती म्हणाली. “खरं लिहा. प्रार्थना करतो म्हणून लिहा. फार तर कायम करणार नाहीत.” “फार तर,” शांतवन म्हणाला. “अहो, येशूला ओळखतोस का विचारल्यावर पेत्राने आधी नाही म्हटलं आणि मग जन्मभर रडला. त्यापेक्षा आधीच हो म्हणा.” तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती, तिच्या बोलण्यात कधीच काही चूक नसायची. त्याने चपलांकडे बघत सांगितलं की पेत्राला निदान माहीत होतं, आपण कशाला नाही म्हणतो आहोत ते. “म्हणजे?” “म्हणजे मी प्रार्थना करतो का, ते मला नक्की सांगता येत नाही.” कुसुमने कागद खाली ठेवला. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ती मोठ्याने प्रार्थना म्हणायची, तो समोर डोळे मिटून बसायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. “मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?” “मोजत होतो.” “काय?” “आकडे. बावीसपर्यंत.” तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “माझी प्रार्थना बावीसच्या पुढे जाते.” तो म्हणाला, तुझ्या वेळी मी परत पहिल्यापासून मोजतो. हे सांगायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं. त्या संध्याकाळी तिने प्रार्थना केली, पण मनात, आणि ती कधी संपली हे त्याला कळलं नाही; डोळे उघडले तर ती त्याच्याकडे बघत होती, परीक्षेत शेजाऱ्याचं उतरवणाऱ्या पोरीकडे बघावं तशी.

बावीस हा आकडा बापाचा. सुकलाल संवत छप्पनच्या, गेल्या शतकाअखेरच्या दुष्काळातलं पोर. आईबाप तापीच्या वाळूत ठेवून मिशनच्या अनाथाश्रमात आला, तिथे वाचला, तिथेच उपदेशक झाला. चर्चमध्ये तो छापील मराठीत प्रार्थना करायचा, आणि घरी, भाकरीसमोर, खानदेशीत. घरची प्रार्थना मोठी असायची. तिच्यात देवाचं नाव एकदा यायचं आणि मग ज्वारी यायची, ती पेरणारा यायचा, दळणारी यायची, सरपण आणणारी धुरपदाबाई यायची, तिचा लंगडा बैल यायचा. भाकरीची वाफ विरायची. पहिलीत नुकतेच आकडे शिकलेल्या शांतवनने एका संध्याकाळी ताटाखाली बोटं धरून मोजायला सुरुवात केली. बापाचं आमेन कधी एकविसाला यायचं, कधी पंचविसाला, सरासरी बावीस. पुढे तो नकाशाच्या खात्यात लागला, आणि सरासरीवरचा त्याचा विश्वास तिथे कामाला आला. नदीची लांब रेघ शाईने ओढताना श्वास धरावा लागतो, नाहीतर हात उसळतो. इतर ट्रेसर नदी चार तुकड्यांत काढायचे. शांतवन शहराजवळची तापी एका श्वासात काढायचा. किती वेळ, तर बावीस. म्हणजे तो नदी काढताना जे करत होता तेच भाकरीपुढे करत होता. मग नदी काढणं धार्मिक होतं किंवा कसे? असा कागद अजून आला नव्हता, पण तो येऊ शकेल असं बुधवारी सकाळी त्याला वाटू लागलं.

बुधवारी साहेबांनीच आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर विज्ञानाचं एक मासिक, पाण्याचा तांब्या, आणि कायम होणाऱ्यांच्या यादीचा कच्चा मसुदा. यादी त्यांनी झाकली नाही. सहावं नाव बैसाणे, पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. “बसा,” साहेब म्हणाले. “मला तुमच्याशी वैर नाही, हे आधी सांगतो.” शांतवन म्हणाला, नाही साहेब. “मी नागपूरला होतो तेव्हा ऑफिसातला सत्यनारायण बंद केला. माझ्या केबिनला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी स्वतः चहात पिळली.” मिरची सुद्धा का, असं विचारावंसं शांतवनला वाटलं, पण साहेब हसत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते. “वडील गेले तेव्हा मी पिंड दिला नाही, बैसाणे. डोकं भादरलं नाही. आईने तोंड फिरवलं. भाऊ सात वर्षं बोलत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची बातमी मला दुसऱ्याकडून कळली. मी हे सगळं सोडलं, का, तर एक तरी भिंत स्वच्छ असावी. आणि तुम्हाला वीस सेकंद सोडता येत नाहीत?” बावीस, असं शांतवनच्या ओठांवर आलं. “एका ओळीचं काम आहे. ती निव्वळ सवय होती, आता सोडली आहे, एवढं लिहा. मी हे प्रश्नचिन्ह खोडतो. माझ्याकडे रबर आहे.” खरोखरच त्यांच्यापुढे रबर होतं. शांतवनला साहेबांचा हेवा वाटला. हा माणूस सात वर्षं एका न दिलेल्या पिंडाजवळ उभा होता, आणि त्याला एकदाही शंका आलेली नव्हती. इतका विश्वास शांतवनने फक्त बापात पाहिला होता. साहेब आस्तिक होते. त्यांना देव तेवढा नव्हता. आणि आपल्याकडे, शांतवनला वाटलं, देव आहे असं सगळ्या बुऱ्हाणपूरला माहीत आहे, टपरीला, चौकशीला, गिरधरला. बाकीचं तेवढं नाही. बाहेर आल्यावर भाईदासने भुवई उडवली. “क्या बोले?” “सवय म्हणून लिहा म्हणाले.” “सोनं झालं. लिही की.” लिहिण्यासारखंच होतं. खोटंही नव्हतं. खोटं नसलेली एक ओळ लिहायला हात का होत नाही, हे त्याला त्या दिवशी सांगता आलं नाही आणि घरी विचारायची सोय उरली नव्हती. बुधवारी कुसुमने जेवण वाढलं, डोळे मिटले, आणि तो मोजतो आहे का हे ऐकत बसली.

गुरुवारी त्याने सोपा उपाय केला. सुट्टी होताच डबा घेऊन तो एकटाच राजघाटावर गेला आणि पायरीवर बसून, डोळे उघडे ठेवून जेवायला लागला. सरकारने एवढंच तर मागितलं होतं. समोर तापी, पलीकडे जैनाबाद, मध्ये एक नाव, नावेत एक म्हैस, आणि म्हशीच्या चेहऱ्यावर काहीही खुलासा नव्हता. पहिला घास त्याने तोंडात टाकला. घास तोंडात राहिला. चावला, पाणी प्यायला, तरी तो उतरेना. जणू दारात कुणी ‘कोण आहे?’ असं विचारावं आणि आत जाणाऱ्याला स्वतःचं नाव आठवू नये. दुसरा घास त्याने पायरीवरच्या कुत्र्याला टाकला. कुत्र्याने तो हुंगला, शांतवनकडे पाहिलं, आणि मग खाल्ला. मध्ये थांबलं ते थोडंच, पण थांबलं. हे बघून शांतवन इतका गोंधळला की डबा बंद करून उठला. ऑफिसात परत आला तर सगळे कुरकुरत होते. “आज जेवण काही जमलंच नाही बुवा,” भाईदास म्हणाला, “सगळं उशिरा आटपलं. मी तर अर्धाच डबा खाल्ला.” कुणाला कारण माहीत नव्हतं, कुणी हवेवर घातलं, कुणी डाळीवर. शांतवन टेबलाशी बसला, पेनात शाई भरली, कापड ताणलं, श्वास धरला आणि तापी ओढली. एक, दोन, तीन. नवापाशी त्याला म्हैस आठवली. रेघ पुढे गेली, सुंदर गेली, कुठे फुटली नाही. तासाभराने साहेब मागे येऊन उभे राहिले. “बैसाणे,” ते हळू म्हणाले, “जैनाबाद अलीकडे आलं आहे.” त्याने पाहिलं. नवापासून पुढे तापी जैनाबादच्या पाठीमागून गेली होती. अख्खं गाव, मशिदीसकट, शेतांसकट, नदी न ओलांडता बुऱ्हाणपुरात राहायला आलं होतं. अकरा वर्षांत अशी चूक झाली नव्हती. “खरवडा,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट काळजीच होती, आणि तीच जास्त लागली. त्याने ब्लेड घेतलं आणि नदी खरवडायला बसला. शाई निघते, पण कापडावरची झिलई जाते. उजेडाला धरलं की जिथे नदी होती तिथे नदी होती हे दिसतंच. नव्या राज्याचा नकाशा करणाऱ्याला कुठेतरी दोन तापी दिसतील, एक काळी आणि एक पुसलेली, आणि तो काय करील, हा विचार करत शांतवन सुटी होईपर्यंत शंखजिरं घासत राहिला.

शुक्रवारी साहेब स्वतःचा डबा घेऊन बाहेर आले. सात महिन्यांत ते कधी बाहेर जेवले नव्हते. “जे लिहायचं ते प्रत्यक्ष पाहून लिहावं,” ते म्हणाले, आणि मनगटावरचं घड्याळ काढून डब्याशेजारी ठेवलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. भाईदासने लोणचं काढलं. गिरधर उंबऱ्यावर फडकं सोडून बसला. शांतवनने ठरवलं होतं. रात्रभर नाही, पण सकाळी भांग पाडताना ठरवलं होतं. डोळे उघडे ठेवायचे. चार वाजता एक ओळ लिहायची. कुसुमला काय सांगायचं ते नंतर. त्याने डबा उघडला. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. डोळे उघडे ठेवून तो भाकरीकडे बघत राहिला. कुणी बोललं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की कुणी जेवतही नाही. भाईदासचा हात लोणच्यावर थांबलेला होता. साहेबांनी घास मोडला होता आणि तो बोटांत धरला होता. थांबायचं कारण त्यांना माहीत नव्हतं, पण आजूबाजूला कुणी सुरू करत नाही म्हणून तेही थांबले होते. भाईदासने शांतवनकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, परत शांतवनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं आणि ते त्याला अजिबात आवडलेलं नव्हतं. उंबऱ्यावरून गिरधर म्हणाला, “भाऊ, मिट ना डोया. भूक लागनी.”

साहेबांनी वळून बघितलं. “याचा काय संबंध?” “काय माहीत साहेब,” गिरधर म्हणाला. “त्यानं डोया उघड्या का आम्ही जेवतस. आधीपासून.” “आधीपासून म्हणजे?” “आधीपासून.” भाईदास म्हणाला, “तसं काही नाही साहेब, योगायोग आहे,” आणि लोणच्याची फोड उचलली, आणि परत ठेवली. सगळे शांतवनकडे बघत होते. यात प्रेम नव्हतं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं, भूक होती. शाळेची घंटा वाजत नाही म्हणून पोरांनी शिपायाकडे बघावं, तसं ते बघत होते. त्याने डोळे मिटले. साहेबांसाठी नाही, गिरधरसाठी मिटले, किंवा कुणासाठी मिटले हे सांगता येत नाही, मिटले. आणि एक म्हणायला गेला तर एक येईना. अंधार होता, तांबूस. घड्याळाची टिकटिक होती. आकडा कुठेच नव्हता. त्याच्या जागी ताटाखाली धरलेली बोटं आली, लहान, शाईचे डाग पडलेली. आणि बापाचा आवाज आला, प्रार्थनेतला नव्हे, प्रार्थनेनंतरचा. बापाने त्या दिवशी ती बोटं पाहिली होती. आता मार बसणार म्हणून शांतवनने ती मुठीत लपवली होती, आणि सुकलालने विचारलं होतं, “कितीवर आलं?” बावीस. बापाने भाकरी मोडली होती. “चांगलं आहे,” म्हणाला होता. “मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मला तिनाच्या पुढे थांबता यायचं नाही. ताट दिसलं की मी त्याच्यावर पडायचो.” एवढंच. मग तो जेवायला लागला होता. हे शांतवनला तीस वर्षं आठवलं नव्हतं. हे आठवणं म्हणजे काय होतं? कुणाशी बोलणं होतं का, की नुसतं बापाला बघणं? बाप कुठून बघत होता? त्याने उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही, आकडाही आला नाही, आणि उघडायचं कधी हे कळायला काही उरलं नाही. शेवटी त्याने उघडले. लगेच टेबलावर चमच्यांचा, डब्यांचा, चावण्याचा आवाज सुरू झाला. भाईदास मान खाली घालून घाईघाईने जेवत होता, रागावल्यासारखा. साहेबांनी घड्याळाकडे पाहून कागदावर लिहिलं: चाळीस सेकंद. मग बोटांतला घास बघितला, तो इतका वेळ आपण का धरून ठेवला याचा विचार करत असावेत, आणि तोंडात टाकला.

पावणेचारला शांतवनने खुलासा लिहिला. अक्षर नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं आलं. “आपल्या मंगळवारच्या पत्राचे उत्तर देण्यात येते की, मी डोळे मिटून नेमके काय करतो हे मला माहीत नाही. ते धार्मिक स्वरूपाचे असावे असे आज वाटले, परंतु खात्री नाही. ती सवय आहे असे लिहिता आले असते, परंतु तिनाच्या पुढे थांबणे ही माझ्या वडिलांसाठी सवय नव्हती, हे लक्षात घ्यावे. सोडता येईल असे वाटत नाही. अधिक माहिती झाल्यास कळवीन.” साहेबांनी वाचलं. “तिनाच्या पुढे म्हणजे काय?” शांतवनने सांगायचा प्रयत्न केला. साहेब ऐकत होते, नीट ऐकत होते. मग म्हणाले, “हे उत्तर होत नाही, बैसाणे.” “नाही साहेब.” “नाही म्हणा किंवा हो म्हणा. हो म्हटलंत तरी मला समजेल. मी त्याच्याशी भांडू शकेन.” “मला पण तेच बरं पडलं असतं,” शांतवन म्हणाला. साहेबांनी रबर उचललं. थोडा वेळ ते हातात धरलं. मग प्रश्नचिन्ह तसंच ठेवून त्यांनी सहाव्या नावावर शाईची एक रेघ ओढली. ती जरा वाकडी आली, आणि ती वाकडी आली याचं वाईट दोघांनाही वाटलं. “पुढच्या यादीत बघू,” ते म्हणाले. पुढची यादी कुठल्या राज्यात असेल हे दोघांनीही विचारलं नाही. दारापाशी पोचल्यावर साहेबांनी हाक मारली. “तुम्ही सोमवारपासून इथेच जेवणार ना? का घाटावर?” इथेच, शांतवन म्हणाला. “बरं,” साहेब म्हणाले, आणि मासिक उघडलं. टपालाच्या वेळी बाहेर भाईदास यादीचं पाकीट चिकटवत होता. त्याने वर न बघता विचारलं, “गेलं?” “गेलं.” “गाढव आहेस यार तू,” भाईदास म्हणाला, आणि पाकिटाची चिकटवलेली कड पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. त्याने कुसुमला सगळं सांगितलं: गिरधर, घड्याळ, चाळीस, रेघ. तो कायम झाला नाही हे ऐकून तिने मान हलवली, जशी पहिलीतल्या पोरीचं गणित चुकलं तरी रीत बरोबर असली की हलवायची. मग म्हणाली, “आज लवकर जेवू.” ताटं मांडली. भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात आली, वाफ निघत होती. तो तिच्या प्रार्थनेची वाट बघत बसला. ती सुरू करेना. “आज तुम्ही म्हणा,” ती म्हणाली. “मोठ्याने.” “मला येत नाही.” “जे येतं ते म्हणा.” तो म्हणाला, कुसुम, मला जे येतं ते तुला माहीत आहे. “तेच म्हणा,” ती म्हणाली, आणि डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला. ती थट्टा करते आहे का हे त्याने बघितलं. तिच्या कपाळावर पिठाचा एक डाग होता. थट्टा दिसली नाही. काय दिसलं ते त्याला वाचता आलं नाही. त्याने डोळे मिटले. घसा साफ केला. “एक,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला, कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखा. “दोन. तीन.” तिनाशी तो थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. “चार,” तो म्हणाला, आणि मग आकडे यायला लागले, एकामागे एक, सावकाश, बैलासारखे. नऊ गेला, काही चुकलं नाही. पंधराला भाकरीचा वास कमी झाला. विसाला त्याला वाटलं ती आता हसेल. “बावीस,” तो म्हणाला, आणि थांबला, आणि आमेनची वाट बघू लागला.

कुसुमकडून आमेन आलं नाही. त्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते, हात मांडीवर होते, भाकरीची वाफ थांबली होती, आणि तिला घाई नव्हती.

“तेवीस,” शांतवन म्हणाला.